बापानंच नेलंय

त्या दिवशी मला फर्स्ट शिफ्ट होती. महाळुंग्यात गाड्यांचं वायरिंग बनवणारी एक कंपनी आहे, तिथे तपासणीच्या टेबलावर मी तेव्हाही काम करायचे आणि अजूनही करते. मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जावं लागतं. साडेतीनला बाहेर आले, तेव्हा फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता. म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून मी वाटेत कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

आम्ही गावातल्या जुन्या घराच्या मागच्या खोल्यांपैकी एकीत राहायचो. मालकीणबाई दारातच बसल्या होत्या. त्यांना मी मावशी म्हणते. माझी सहा वर्षांची मुलगी दुपारी शाळेच्या गाडीतून उतरली की मी येईपर्यंत त्यांच्याकडेच असायची. मला एकटीला बघून त्या उठल्या.

"पोरगी कुठंय?"

"तुमच्याकडेच ना?"

"न्हाई बा. आज गाडीतून उतरलीच न्हाई. मला वाटलं तुला सुट्टी हाय, तूच परस्पर घेऊन गेलीस."

मी शाळेत फोन लावला. तिच्या बाई म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत तिचे पप्पा आले होते. आजी आजारी आहे म्हणाले. ती तर त्यांना बघून धावतच गेली."

माझा नवरा तेव्हा आमच्याबरोबर राहत नव्हता. चाकणच्या ज्या कारखान्यात तो होता तिथली लाइन बंद पडली आणि पुन्हा कायमचं काम मिळेना. घरात रोज वाद व्हायला लागले. शेवटी तो परभणीकडच्या आपल्या गावी निघून गेला. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, मुलीला फिरवून आणायचा आणि जायचा. घटस्फोटाचा विषय कुणीच काढला नव्हता. मी त्याला फोन लावला. बंद होता. सासूबाईंना लावला, तोही बंद.

मावशींना घेऊन मी चाकणच्या पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागे एक महिला पोलीस होत्या. चाळिशीच्या असतील, केसांत पांढऱ्या बटा, आवाज शांत. मी म्हटलं, "माझी मुलगी शाळेतून घरी आली नाही." त्यांनी लगेच कागद पुढे ओढला. वय किती, उंची किती, अंगात काय होतं, फोटो आहे का. बाजूचे दोन पोलीसही उठून जवळ आले. मी मोबाईलमधला फोटो दाखवला. मग त्यांनी विचारलं, "शाळेत चौकशी केली?"

"केली. तिचे वडील घेऊन गेले म्हणतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. उठलेले दोघं आपापल्या जागी गेले.

"मग हरवली कुठं? बापानंच नेलंय," त्या म्हणाल्या. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना खरोखरच बरं वाटल्यासारखं दिसलं. "ताई, कुणी अनोळखी माणसानं नेली असती, तर आत्ता गुन्हा दाखल केला असता, गाड्या पाठवल्या असत्या. पण बाप कायद्यानं पालक आहे. मुलीचा ताबा तुमच्याकडे आहे असा कोर्टाचा आदेश आहे का?"

"नाही. आम्ही अजून नवरा-बायकोच आहोत."

"तेच ना. स्वतःच्या मुलीला घरी नेलं तर अपहरण कसं लिहिणार? अर्ज देऊन जा. मी त्यांना फोन करून बघते."

मी अर्ज लिहायला बसले. विषयाच्या ओळीत लिहिलं, 'माझी मुलगी हरवल्याबाबत'. त्यांनी तो वाचला आणि ती ओळ बदलायला सांगितली. मी खोडून लिहिलं, 'पतीने मुलीस नेल्याबाबत'. बाकीचा मजकूर तसाच चालला.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचाच फोन आला. "पोरगी माझ्याकडं आहे, बरी आहे. तू नऊ-दहा तास घराबाहेर असतेस. परक्या म्हातारीच्या दारात बसून राहायची ती. इथं तिला आजी आहे, अंगण आहे."

"तिला फोन दे."

"रडेल ती. सवय होऊ दे आधी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला मनापासून असंच वाटत होतं आणि माझ्या कामाचे तास त्यानं बरोबरच सांगितले होते. मग फोन कट झाला.

मी दोन दिवसांची रजा टाकून त्याच्या गावी गेले. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मुलगी आत्याकडे गेली आहे म्हणाल्या. कुठल्या गावच्या आत्याकडे, ते सांगितलं नाही. अंगणातल्या तारेवर तिचा फ्रॉक वाळत होता. अजून ओला होता. मी तो बघतेय हे त्यांनाही कळलं. संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले.

मग राजगुरुनगरच्या कोर्टात वकीलबाई शोधल्या. वयानं मोठ्या होत्या, बोलताना समोरच्याकडे न बघता फाईलकडे बघायच्या. त्यांनी मला कायदा समजावला. "मूल पाच वर्षांच्या आत असलं, तर साधारणपणे आईकडे ठेवतात. तुमची मुलगी सहा वर्षं दोन महिन्यांची. कागदावर बाप हा पहिला पालक. पण शेवटी कोर्ट मुलीचं हित बघतं. बापाचा हक्क किंवा आईचा हक्क त्याच्यानंतर. आपण ताब्यासाठी अर्ज करू. ती जिथं नेहमी राहते तिथल्या कोर्टात तो चालतो. ते म्हणतील, आता ती आमच्या गावात राहते, शाळाही तिथंच आहे. म्हणून उशीर करायचा नाही."

"त्यानं चोरून नेलीय तिला."

"तुमच्या भाषेत. कायद्याच्या भाषेत नाही."

अर्ज दाखल झाला. नोटीस गेली, ती परत आली, पुन्हा गेली. तारखा पडायला लागल्या. तारखेला मी सुट्टी घ्यायचे, कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे.

त्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कंपनीत आठ तास बरे जायचे, कारण तिथे वायरचा रंग आणि पिनची जागा एवढंच बघायचं असतं. जेवणाच्या सुट्टीत मात्र अवघड व्हायचं. आमच्या टेबलावरच्या बायका मुलांच्या परीक्षा, डबे, खोकले असं बोलत असायच्या. मी डबा घेऊन आले की विषय बदलायचा. त्यांनी चांगुलपणानंच केलं ते, पण काही दिवसांनी मी बाजूच्या रिकाम्या टेबलावर बसायला लागले आणि कुणी मला हाक मारली नाही. आईवडील आधीच गेलेले. चिपळूणला भाऊ आहे. तो फोनवर म्हणाला, "तडजोड कर, तूही तिकडंच जाऊन राहा." त्यानंतर आमचे फोन कमी झाले. घरी कणीक मळायला बसले की हात सवयीनं दोघींची मळायचे. उरलेल्या पोळ्या मी सकाळी डब्यात न्यायचे.

असे पाच महिने गेले. त्यानंतरची गोष्ट मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

रविवार होता. दुपारी मी चाकणच्या बाजारात गेले होते. प्लास्टिकच्या बादल्या, डबे विकणाऱ्या एका दुकानापुढे चारेक वर्षांची एक मुलगी एकटीच रडत उभी होती. जांभळा स्वेटर, नाक वाहत होतं. लोक तिच्या बाजूनं ये-जा करत होते. मी खाली बसले, विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "मम्मी." मी हिंदीत विचारलं, मम्मी कुठं आहे. तिला सांगता येईना. मी ओढणीनं तिचं नाक पुसलं. तिनं माझं बोट धरलं.

मी तिथेच उभं राहायला हवं होतं. मोठ्यानं ओरडून विचारायला हवं होतं की कुणाची मुलगी आहे. पोलीस ठाणं दहा मिनिटांवर होतं, तिकडे जायला हवं होतं. यातलं मी काहीच केलं नाही. मी तिचं बोट धरून चालायला लागले. कुठे चालले होते, हे मला खरंच सांगता येणार नाही. तिला घरी न्यायचं असं मनात नव्हतं. कुठे पोचायचंच नव्हतं. एक लहान हात हातात होता आणि तो सोडवत नव्हता. ती रडायची थांबली होती. एका गाडीवरून मी केळं घेतलं, सोलून तिला दिलं आणि आम्ही आणखी पुढे गेलो. दहा मिनिटं झाली असतील, कदाचित पंधरा.

रिक्षा स्टँडजवळ एका माणसानं मला थांबवलं. "ताई, ही तुमची मुलगी का?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं मुलीला विचारलं, "ये तेरी मम्मी है?" तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भोकाड पसरलं. त्याच वेळी बाजाराच्या बाजूनं एक बाई धावत आली. पायात एकच चप्पल होती. तिनं मुलीला उचललं आणि ती तिथेच रस्त्यावर खाली बसली.

मग माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, पोरं पळवणारी आहे. त्या दिवसांत आमच्याकडे मोबाईलवर तसले मेसेज फिरतच होते. एका बाईनं माझे केस धरले. कानाखाली कुणी मारली ते कळलं नाही. तीन-चार मोबाईल माझ्या तोंडासमोर होते. काय बोलणार होते? हो म्हणाले होते, ते त्या माणसानं ऐकलं होतं.

कोपऱ्यावरच्या एका वयस्कर फळवाल्यानं मला दंडाला धरून आत ओढलं आणि पेट्यांच्या मागे बसवलं. स्वतः पुढे उभे राहिले. लोक त्यांना म्हणायला लागले, "चाचा, तुम्ही मध्ये पडू नका." ते म्हणाले, "पोलिसांना फोन केलाय. येईपर्यंत इथं कुणी हात लावायचा नाही." पोलीस पाच-सात मिनिटांत आले.

ठाण्यात त्याच मॅडम होत्या. मला बघून त्यांनी क्षणभर डोळे बारीक केले. "तुम्ही त्या अर्जवाल्या ना?"

मी मान हलवली.

त्या दिवशी सगळं भराभर झालं. त्या बाईला खुर्ची दिली, मुलीला बिस्किटं दिली, तिच्या नवऱ्याला कारखान्यातून बोलावून घेतलं. मॅडमनी मला सगळं विचारलं. कुठे दिसली, कुठून कुठे चालत गेलात, केळं कुठे घेतलं. मी खरं ते सांगितलं.

"'हो' का म्हणालात?"

"माहीत नाही."

त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मूल हरवलेलं होतं, हे खरं. पण तुम्ही परक्या. आईबापाच्या परवानगीशिवाय अठराच्या आतल्या मुलाला सोबत नेलंत, आणि ठाण्याकडे आला नाहीत, उलट दिशेला गेलात. यांनी तक्रार दिली तर मला गुन्हा लिहावा लागेल. तुमच्या मनात काय होतं ते मग कोर्ट ठरवेल."

ती आई बिहारकडची होती. मुलीला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं विचारलं, "इनके बच्चे नहीं हैं क्या?"

मॅडम म्हणाल्या, "एक लड़की है. पति ले गया."

"पुलिस ने ढूँढा नहीं?"

मॅडमनी डायरीचं पान उलटलं. थोड्या वेळानं ती बाई म्हणाली, "मुझे कुछ नहीं लिखवाना. बस हमें घर जाने दो." जाताना तिनं मुलीचं डोकं आपल्या पदराखाली घेतलं होतं. माझ्या बाजूनं जाताना ती लांबून गेली. तिनं माझ्यावर दया दाखवली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिला फक्त माझ्यापासून दूर जायचं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही लांबूनच गेले असते.

हरवलेलं मूल पालकांच्या ताब्यात दिलं, अशी डायरीत नोंद झाली. अर्ध्या-पाऊण तासात एक मुलगी आईच्या कडेवर बसून घरी गेली होती. मी बाकावर बसून दाराकडे बघत राहिले. मला राग आला नव्हता. फार हेवा वाटला.

मॅडमनी चहा मागवला. म्हणाल्या, "कोर्टाची एकही तारीख चुकवू नका. आणि सध्या लहान मुलांजवळ एकट्या जाऊ नका. माझं ऐका."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गावात पोचला होता. मावशींनी नातवाचा मोबाईल माझ्यापुढे धरला. "ह्यातली बाई तूच हायेस न्हवं?"

"हो."

त्यांनी मोबाईल बंद केला. "आज आमच्यात जेव," म्हणाल्या. शेजारच्या खोलीतली बाई मात्र त्या दिवसापासून मी अंगणात आले की आपल्या मुलांना आत बोलवायला लागली. हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं.

वकीलबाईंना सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा फाईलवरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. "ते हा व्हिडिओ कोर्टात आणतीलच. त्यांच्या आधी आपण सांगू. एक शब्द लपवायचा नाही. तो 'हो' सुद्धा."

जज मॅडमनी मला आपल्या केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. नवऱ्याच्या वकिलानं म्हटलं, या बाईची मनःस्थिती मूल सांभाळण्यासारखी नाही. जज मॅडमनी ते लिहून घेतलं. मग नवऱ्याला विचारलं, "वर्षाच्या मध्येच शाळा का सोडवली? आईशी फोनवर का बोलू दिलं नाही?" तो म्हणाला, "सवय व्हावी म्हणून." "कशाची सवय?" त्यांनी मुलीला पुढच्या तारखेला हजर करायला सांगितलं.

त्या तारखेपर्यंत दहा महिने झाले होते. ती व्हरांड्यात बापाच्या मागे उभी होती. केस बारीक कापलेले, पुढचे दोन दात नवीन आलेले. मी गुडघ्यांवर बसले, पण हात पुढे केला नाही. ती मला नीट बघत होती. शेवटी म्हणाली, "तू कामून रडतेस?"

कामून म्हणजे का. आमच्या घरात तो शब्द नवरा एकटाच बोलायचा.

जज मॅडम तिच्याशी एकटीशी बोलल्या. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. आधी मे महिन्याच्या सुट्टीपुरती ती माझ्याकडे आली, नंतर निकाल होईपर्यंत, आणि शेवटी दोघांच्या सहीनं तडजोड लिहिली गेली. मुलगी आईकडे, महिन्यातून दोन रविवार आणि निम्म्या सुट्ट्या बापाकडे. न कळवता शाळेतून न्यायचं नाही, हे त्यात वेगळं कलम घालून लिहिलं. नवऱ्यानं सही केली, पेन परत दिलं आणि मला विचारलं, "दुपारची शिफ्ट असली की तिचं जेवण कोण बघतं?" मी सांगितलं, मावशी.

ती परत आली म्हणजे सगळं परत आलं, असं झालं नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. रोज सकाळी विचारायची, "आज मला न्यायला कोण येणार?" मी नाव सांगायचे, ती ते दोनदा म्हणून घ्यायची. एकदा भाजी निवडताना सहज म्हणाली, "तू कंपनीत राहायला गेली होतीस ना? पप्पांनी सांगितलं. तिथं झोपायला खाटा असतात?" मी म्हटलं, मी घरीच होते. ती माझ्याकडे बघत राहिली. दोघांतलं कोण खरं बोलतंय हे तिला ठरवायचं होतं आणि तिच्याकडे ठरवायला काही नव्हतं. दहा महिने ती असं समजून राहिली होती की आईनं तिला सोडलं. मी इकडे रडत होते तेव्हा ती तिकडे माझ्यावर रुसली होती.

आता ती पाचवीत आहे. बोलण्यातलं 'कामून' अधूनमधून येतं, सुट्टीनंतर जास्त. मध्यंतरी तिच्या शाळेत पोलीस आले होते, मुलांना समजावून सांगायला. घरी येऊन तिनं मला सगळं म्हणून दाखवलं. अनोळखी माणसानं खाऊ दिला तर घ्यायचा नाही, सोबत जायचं नाही, जोरात ओरडायचं. मग विचारलं, "आणि ओळखीच्या माणसासोबत?"

"मला विचारून जायचं."

"मी विचारलं होतं तेव्हा. मी पप्पांना म्हटलं, आईला सांगितलं का? ते हो म्हणाले."

मी तिच्या ताटात भात वाढला. तिनं आमटी मागितली. मी ती वाढली आणि दोघी जेवलो.

या दिवाळीत पहिले दहा दिवस तिकडचे होते. राजगुरुनगरच्या एसटी स्टँडवर नवरा वेळेवर आला. मी पिशवी दिली, "सर्दी झालीये, औषध वरच्या कप्प्यात आहे," म्हणाले. "बरं," तो म्हणाला. कोर्टाच्या आदेशाची झेरॉक्स मी दर वेळी पर्समध्ये ठेवते. अजून कधी काढावी लागलेली नाही. मुलीनं खिडकीतून हात केला आणि लगेच बापाशी बोलायला लागली. गाडी गेल्यावर मी थोडा वेळ तिथेच बसले. बाकावर शेजारी एक लहान मुलगा आईची वाट बघत चॉकलेट खात होता. त्यानं हसून माझ्याकडे बघितलं. मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.